मदत हवी आहे : कारवान कुत्रीला शेतात मोकळं सोडायचंय, हाकेला परत यायला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,

आम्ही नान्नजच्या जवळ वस्तीवर राहतो (उत्तर सोलापूर). घरी कारवान जातीची कुत्री आहे, तानी, सव्वा वर्षाची. दिवसभर गोठ्याशेजारी साखळीला असते आणि तेच मला बघवत नाही. आबा, म्हणजे माझे सासरे, सकाळी शेताकडे निघाले की ती साखळी ताणून उभी राहते, पोरं शाळेतून आली की पुन्हा तेच, रात्री आम्ही अंगणात जेवायला बसलो की ही तिकडून कुईकुई करत बघत असते. घरातलं जनावर आहे ना ती, मग आबांबरोबर बांधावरून चालावं, बायका खुरपायला बसल्या की लिंबाखाली पडून राहावं, पोरांच्या मागे ओढ्यापर्यंत जाऊन यावं, एवढंच हवंय मला तिच्यासाठी.

अडचण अशी की अंगणात हाक मारली की लगेच येते, पण शेतात ससा उठला की संपलं. कान खाली, मान पुढे, आणि दोन बांध ओलांडून गेलेली असते. तिला दोष देत नाही, ही जातच नजरेनं सावज धरून पळणारी. पण माळावर काळवीट आहेत, माळढोक अभयारण्य इथंच, आणि काळवीट १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या मागे कुत्रं लागलं तर तेही शिकारीत धरतात. दुसऱ्या बाजूला बार्शी रोड, गाड्या नुसत्या सुसाट.

आबा म्हणतात, "कुत्र्याला कसलं शिकवतीस, बांधून घाल." पाहुण्यांपैकी एकानं रिमोटवर करंट देणारा पट्टा सुचवलाय, मला तो अजिबात नकोय. कुणी देशी हाउंड मोकळं फिरवायला शिकवलं असेल तर सांगा ना :
सुरुवातीला लांब दोर लावतात म्हणे, बैलाचा कासरा चालेल का? आबा यू यू करून बोलवतात, पोरं नावानं, नवरा शिट्टीनं, यानं काही बिघडतं का? आणि खाऊ म्हणून बेदाणे देऊ का, आमच्याकडे भरपूर असतात.

प्रतिसाद १

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं : बेदाणे अजिबात नको. द्राक्षं, बेदाणे दोन्हीनं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ले की त्रास होईल याचा नेम नसतो. बागेत गळलेले मणी पण खाऊ देऊ नका. चिकनची कलेजी उकडून अगदी बारीक तुकडे करा, नाहीतर उकडलेलं अंडं. मात्र हा खाऊ फक्त हाकेला आली तरच, एरवी नाही, म्हणजे त्याची किंमत राहते.

कासरा जड पडेल. हलकी नायलॉनची दोरी घ्या, दहा मीटरच्या आसपास, आणि ती गळ्यातल्या पट्ट्याला कधीच बांधू नका. कारवान एका उडीत वेग घेते, दोरी संपली की सगळा हिसका मानेवर. छातीला बसणारा हार्नेस घ्या. दोरी हाताला गुंडाळायची नाही, जमिनीवर घसटत राहू दे, वेळ आली तर पाय द्यायचा. पोरांच्या हातात देऊ नका.

हाक सगळ्यांनी एकच ठेवा. मी तर म्हणेन शिट्टी, ती लांब जाते आणि चिडून वाजवली तरी आवाज तोच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोलावलं की बांधलं असं करू नका. तिला कळतं हो, आलं की साखळी! आली, खाऊ दिला, पाठीवरून हात फिरवला, परत जा हुंगायला. दहातल्या नऊ वेळा असं करा. ती लांब वास घेत असताना आपण होऊन तुमच्याकडे वळून बघते ना, तेव्हाही खाऊ द्या. हे बघणं वाढलं की समजा काम होतंय. या वयात कुत्री जरा हट्टी होतात, आधी यायची ती येईनाशी होते, तेवढ्यात धीर सोडू नका.

आता स्पष्ट बोलतो. ससा उठल्यावर पळत्या कारवानला परत बोलावणं मुरलेल्या माणसालाही अवघड. पळायच्या आधीचा क्षण पकडायचा, तिची मान ताठ झाली की लगेच शिट्टी. म्हणून तारेचं कुंपण असलेल्या द्राक्षबागेत मोकळी, माळावर आणि रोडच्या बाजूला कायम दोरीवर. आबांबरोबर बांधावरही दोरी घसटतच जाऊ दे, तरी ती त्यांच्या सोबतच असेल ना. करंटच्या पट्ट्याबद्दल तुमचं बरोबर आहे, वेल्समध्ये तर २०१० पासून बंदीच आहे त्यावर. त्यानं भलतंच होतं, झटका बसला तेव्हा समोर तुमचा पोरगा असला तर ती पोराला घाबरायला लागते.

प्रतिसाद २

कुत्री आहे म्हणून सांगते, माजावर असताना अजिबात मोकळी सोडू नका, तेव्हा कुणाचंच ऐकत नाहीत. नसबंदीचं डॉक्टरांना विचारा. रेबीजची लस दरवर्षी चुकवू नका. आणि डुकरांसाठी कुणी विष टाकतं का ते शेजारच्या शेतकऱ्यांना आधीच विचारून ठेवा.

धागाकर्ती

खूप आभार दोघांचे! बेदाण्याचं माहीतच नव्हतं, पोरांना लगेच सांगितलं. हार्नेस सोलापुरातून आणते. बागेला एका बाजूनं तार नाहीये, तिथं आधी जाळी मारून घेऊ. आता एकच राहिलं, आबांना शिट्टी वाजवता येत नाही. त्यांच्या गळ्यात पोरांच्या पीटीची प्लास्टिकची शिट्टी अडकवली तर ती आणि नवऱ्याची तोंडाची शिट्टी तानीला वेगवेगळी वाटेल का, की घरात सगळ्यांनी तीच वापरायची?