वन आरकेमध्ये नाताळची सजावट: डोक्याला त्रास न देणारी, आणि सासूबाईंचा गोठा बसेल अशी

मीरारोडची_सून
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. लग्नानंतर वसई सोडून मीरा रोडला आलो, भाड्याचं वन आरके, कार्पेट तीनशे स्क्वेअर फूट असेल नसेल. त्यात दिवाण, कपाट, फ्रिज, हाताला लागेल ते ओढणारं चौदा महिन्यांचं पोर आणि रात्रपाळी करून सकाळी आठला येऊन झोपणारा नवरा. मागच्या वर्षी पहिलाच नाताळ म्हणून हौसेने चार फुटी प्लास्टिकचं झाड आणलं, लुकलुकणाऱ्या माळा आणल्या, त्यातली एक गाणं वाजवणारी निघाली, ती चिरकी पिपाणी बंद कुठून होते ते शेवटपर्यंत सापडलं नाही. आणि झाडामुळे कपाटाचं एक दार पंधरा दिवस पूर्ण उघडलंच नाही, नवऱ्याचे सगळे शर्ट नेमके त्याच दाराआड. सहा जानेवारीला झाड उतरवलं तेव्हा खरं सांगते हुश्श झालं.

यंदा मला तसं नकोय. पिवळसर मंद उजेड, एखादा स्टार, संध्याकाळी घरात बसावंसं वाटेल एवढंच. पण अडचणी अशा की घरमालकाने खिळा मारायला सक्त मनाई केलीये, बजेट पंधराशेच्या आत, आणि सासूबाई वीस तारखेला वसईहून येतायत त्यांचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा मूर्तींचा देखावा, घेऊन. त्या म्हणतात झाड नसलं तरी चालेल पण गोठ्याशिवाय नाताळ कसला, आणि ते मलाही पटतं. फक्त तिकडे घरी त्यांचा गोठा अख्ख्या टेबलावर पसरतो, मेंढपाळ, तीन राजे, गाय, गाढव, मेंढरं, आणि एक उंट ज्याचा पाय एम-सीलने चिकटवलेला आहे. इथे टेबलच नाही. जेवतो आम्ही खाली बसून.

तर गोठा कुठे मांडू, माळा कोणत्या घेऊ, आणि भिंतीचं काय करू?

लोहारचाळ_फेरीवाला
माळांचं मी सांगतो, दर वर्षी दिवाळीला आणि नाताळला दोनदा मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, चक्कर असते माझी. दुकानात 'पिवळी माळ' मागू नका, 'वॉर्म व्हाइट' म्हणा. पिवळी मागितलीत तर हळदीसारखी पिवळीधमक देतील. बल्बच्या खोक्यावर केल्विन लिहिलेले असतात, २७०० ते ३००० म्हणजे आपला जुन्या बल्बचा उजेड आणि ६५०० म्हणजे दवाखान्याचा. माळेच्या खोक्यावर बऱ्याचदा काहीच लिहिलेलं नसतं, तेव्हा दुकानदाराला लावून दाखवायला सांगायचं, आणि दिव्यांच्या झगमगाटात नाही कळत, हाताचा आडोसा करून बघायचं.

दुसरं म्हणजे, आठ फंक्शनवाला तो छोटा डबा ज्या माळेला असतो ती घेऊच नका. त्यात बहुतेक वेळा शेवटचा मोड स्थिर उजेडाचा असतो खरा, पण स्वस्तातल्या माळांना लक्षात काही राहत नाही, लाइट जाऊन आली की परत पहिल्यापासून नाचायला लागतात, आणि तुमचे मिस्टर तेव्हा झोपलेले असणार. त्यापेक्षा तांब्याच्या तारेची बारीक माळ घ्या, यूएसबीवाली, मोबाइलच्या चार्जरला लागते. सेलवाली नको, पहिले चार दिवस छान आणि मग मिणमिणते. बिलाची काळजी करू नका, पाच वॉटची माळ रोज सहा तास लावली तरी तीस दिवसांत एक युनिट होत नाही, ०.९ येतं, करून बघा हिशोब.

तार पोराच्या हाताला लागणार नाही इतकी उंच मात्र लावा.

कोल्हापूर_ते_म्हापसा
मी हिंदू, माहेर कोल्हापूर आणि सासर म्हापसा, पण शेजार सगळा कातोलिक त्यामुळे डिसेंबरात आमच्याकडेही अर्धा नाताळ असतोच. तुला एक फुकटची आयडिया देते. इथे क्रिबच्या, म्हणजे तुझ्या गोठ्याच्या, भोवती हिरवळ दाखवायला नाचणी पेरतात. मी पहिल्यांदा शेजारच्या मावशींच्या खिडकीत ती ताटली बघितली तेव्हा म्हटलं अगं बाई हे तर आपले नवरात्रातले घट! तसंच अगदी. नाचणी रात्रभर भिजवायची, एका पसरट ताटलीत किंवा आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणात बोटभर माती घालून त्यावर दाट पेरायची, रोज पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. दहा-बारा दिवस आधी पेरलीस की चोवीसला मऊ गालिचा तयार. गहू पण चालतात, ते लवकर वाढतात पण उंच होऊन एका बाजूला पडतात आणि मग मेंढरं त्यात दिसेनाशी होतात.

शिवाय ते वाढताना बघायलाच इतकं छान वाटतं, एवढ्याशा घरात एक हिरवा तुकडा असला की विकतचं काही लागत नाही.

स्टार इथे बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन घरी करतात अजून बरेच जण, मैद्याच्या खळीने चिकटवतात, आपला आकाशकंदील जमत असेल तर हाही जमेल. पांढरा किंवा फिकट पिवळा कागद घे, आत तीन वॉटचा वॉर्म एलईडी, खिडकीच्या ग्रिलला बाहेरून टांगून ठेव. जागा शून्य लागते आणि उजेड आत-बाहेर दोन्हीकडे.

पुणे_कॅम्पवाला
थोडं वेगळं बोलू का, राग मानू नका. हे शांत-शांत सजावटीचं फॅड मोबाइलवरून आलंय असं मला वाटतं. सगळं बदामी आणि पांढरं, एक वाळकी काडी बाटलीत आणि तिला म्हणायचं डेकोर. आमच्या लहानपणी दोन खोल्यांत अकरा माणसं होती आणि छताला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात लाल-हिरव्या क्रेप कागदाच्या पिळदार पट्ट्या, त्याच बघून नाताळ आला असं वाटायचं. पोराला रंग लागतात हो.

फक्त एक करू नका, कापसाचा बर्फ. आमच्याकडे सुरूच्या फांदीचं झाड असायचं कुंडीत खोचलेलं, त्यावर आईने कापूस पसरला आणि तेव्हाच्या माळा तापायच्या, एके दिवशी वास आला म्हणून बघितलं तर कापूस काळा पडून धुमसत होता. वडिलांनी अख्खं झाड उचलून मोरीत नेलं. आताच्या एलईडी तेवढ्या तापत नाहीत हे मान्य आहे, पण कापूस आणि वायर शेजारी दिसले की माझा हात अजून स्विचकडे जातो.

मीरारोडची_सून
@पुणे_कॅम्पवाला राग कसला, क्रेपच्या पट्ट्या आमच्याकडेही होत्या आणि मला त्या आवडतातच. पण तुमच्या घरात दिवसा कोणी झोपत नव्हतं ना. मला रंग नकोत असं नाहीये, हलणारं, वाजणारं, लुकलुकणारं नकोय. @कोल्हापूर_ते_म्हापसा नाचणीचं वाचून अंगावर काटा आला, आमच्या आजीकडेही असायचं हे, मी विसरूनच गेले होते! आणि मेणबत्त्यांचं काय? मला एक कोपरा मेणबत्तीचा हवा होता.

श्टुटगार्टची_मराठमोळी
मेणबत्त्यांवर मी बोलते कारण इथे अठ्ठावीस चौरस मीटरच्या घरात राहते, म्हणजे तुझ्याएवढंच. जर्मनीत नाताळ एकदम येत नाही, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या, चार रविवारी हळूहळू येतो. टेबलावर हिरव्या फांद्यांचं एक चक्र आणि त्यात चार मेणबत्त्या, पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्याला चारही. ही पद्धत योहान विकर्न नावाच्या पाळकाने हॅम्बुर्गमध्ये १८३९ मध्ये सुरू केली, अनाथ मुलांना सांभाळायचा, आणि ती पोरं रोज विचारायची नाताळ कधी, नाताळ कधी. त्याने मग एका गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची छोटी लाल आणि रविवारची मोठी पांढरी, मोजा म्हणाला. तुमच्या वसईच्या चर्चमध्ये तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी असेल ना? तेच मूळ.

तर माझं म्हणणं असं की तू सगळी सजावट एका दिवशी करूच नकोस. पहिल्या रविवारी नुसतं चक्र, दुसऱ्याला स्टार, तिसऱ्याला माळ, मग गोठा. घर लहान असलं की एकदम सगळं अंगावर येतं, असं थोडं थोडं आलं की घराला आणि आपल्याला दोघांनाही सवय होते. इथे कित्येक घरांत झाड तर चोवीस तारखेलाच उभं करतात. आणि झाडाची हौस असेलच तर दोन-तीन फांद्या बाटलीत, झालं झाड. (कॅम्पवाल्या काकांची वाळकी काडी नव्हे, हिरवी.)

बाकी इथे साडेचारला अंधार पडतो म्हणून हे सगळं उबदार वगैरे वाटतं, मुंबईत पंख्याखाली कसं वाटेल ते तूच सांग.

लोहारचाळ_फेरीवाला
पंखा! तेच लिहायला आलो होतो. वन आरकेत पंखा बरोबर मध्यभागी, मेणबत्ती एक तर विझणार नाहीतर भडाभडा एका बाजूने वितळून ओट्यावर सांडणार. काचेच्या उंच बरणीत ठेवा, लोणच्याची बरणी धुऊन घेतली तरी चालते, तळाला थोडे तांदूळ किंवा वाळू. पडद्यापासून लांब, आणि पोर झोपल्यावरच. किंवा सरळ सेलवाली खोटी मेणबत्ती घ्या, लांबून कळत नाही.

वसई_गिरीजची_आज्जी
बाळ, मी तुझ्या सासूच्याच वयाची असेन, आणि माझा मुलगा पण कांदिवलीला असाच एका खोलीत राहतो त्यामुळे गोठ्याचं मला विचार. आंब्याची लाकडी पेटी घे, फळवाल्याकडे नसेल तर सफरचंदाची मिळेल. ती आडवी केली की तयार गोठा, छप्पर भिंती सगळं आलं, खिळा नको की काही नको. आतून गोणपाट लाव, खाली भाताचा पेंढा, तो सासूला आणायला सांग, तिकडे मिळतो. तुझी ती तांब्याची माळ पेटीच्या मागच्या फटीतून घाल म्हणजे उजेड दिसतो पण दिवा दिसत नाही. पेटीत मावेल तेवढंच मांडायचं. मरिया, योसेफ, गाय, गाढव, एक मेंढपाळ. तीन राजे लांबून येतायत, ते सहा जानेवारीपर्यंत वाटेवर असले तरी चालतं, त्यांना खिडकीत ठेव आणि रोज थोडं पुढे सरकव, पोराला मजा वाटेल. बाळ येशू कपाटात रुमालात गुंडाळून ठेवायचा, चोवीसच्या रात्री मिस्सेवरून, चर्चमधल्या प्रार्थनेवरून, आल्यावरच गव्हाणीत.

पेटी चपलांच्या कपाटावर ठेवू नकोस हां. जागा तिथेच असेल मला माहितीये, पण सासूच्या मनाला लागेल.

आणि भिंतीला ते चिकटवायचे हूक लावू नकोस, ओलीच्या भिंतीचा रंग पोपड्यासकट निघतो आणि मालक डिपॉझिट कापतो, आमच्या पोराचे कापले. पडद्याचा रॉड, ग्रिल, दाराच्या तोरणाचा जुना खिळा, एवढ्यावर भागव. दिवाणावर एखादी गोधडी टाक जुन्या लुगड्याची, लाल चौकड्यांची. तोच तुझा लाल रंग.

मीरारोडची_सून
आज्जी, चपलांच्या कपाटाचं तुम्हाला कसं कळलं 🙈 तेच ठरवलं होतं मी. आणि गोधडी आहे घरात, आईने बाळंतपणात दिलेली, चक्क दिवाणाच्या पोटात पडून आहे.

मीरारोडची_सून (२२ डिसेंबर)
अपडेट द्यायला आले, सॉरी उशीर झाला, करंज्या आणि कुलकुल (आमचा नाताळचा तळलेला गोड फराळ) चालू होते. कुलकुल काट्याच्या पाठीवर वळता वळता बोटं गेली, सासूबाईंचे एकसारखे आणि माझे शंखापासून गोगलगायीपर्यंत सगळे.

तर पेटी फळवाल्याने चाळीस रुपयांना दिली. माळ लोहार चाळीतूनच, हाताचा आडोसा करून बघितली, दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. स्टार मी आणि नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी केला, एक टोक जरा बसकं झालंय पण खालून रस्त्यावरून बघितलं तर आमची खिडकी लगेच ओळखू येते. एकदम सगळं नाही केलं, श्टुटगार्टच्या ताईंचं ऐकून रविवार-रविवार केलं आणि खरंच अंगावर नाही आलं. मेणबत्ती एकच, बरणीत, रात्री नऊनंतर पंखा एकवर ठेवून. नाचणी मी वाटीभर जास्तच पेरली, दाट आली, पोर येता-जाता त्यावर हात फिरवतं.

पेटी शेवटी फ्रिजवर बसली, तेवढीच उंच जागा. पण एक गंमत झाली, कॉम्प्रेसर सुरू झाला की फ्रिज थरथरतो आणि तो मेंढपाळ दर वेळी थोडा थोडा सरकतो, सकाळी बघितलं तर गाढवाला पाठ करून दाराकडे तोंड. सासूबाईंनी सगळ्यांच्या पायाखाली कणकेची गोळी लावली. उंट आणि राजे खिडकीत, आज पहिल्या गजापासून दुसऱ्या गजापर्यंत आले.

सासूबाई आल्या आल्या म्हणाल्या छान आहे गं, पण लुकलुकणारं काहीच नाही? पिशवीतून त्यांची एक जुनी माळ काढली, लाल-हिरवी. आता तह असा झालाय की ती फक्त गोठ्याच्या छपरावर आणि फक्त संध्याकाळी सात ते आठ, नवरा उठलेला असतो तेव्हा.

गाणं वाजत नाही तिच्यात, आधी तपासलं.