जन्मभर पिऊन आता देव आठवला, असल्यांनाही कृपा मिळते का?

पेडण्याची_लेक:
नमस्कार मंडळी. माझा मामा म्हापशाजवळ राहतो, जन्मभर फेणी, उर्राक, मिळेल ते प्यायला, मामीनं शुक्रवारच्या बाजारात भाजी विकून पोरं वाढवली आणि हा बाबा तिच्या पाटल्यासुद्धा गहाण टाकून आला. आता बरेच दिवस पीत नाही, देवळात भजनाला बसतो, झांज हातात आली की डोळे मिटतात नि लोक म्हणतात बघा, देवानं कसा उद्धार केला. मामी मात्र मागे खांबाला टेकून बसते आणि आरतीआधीच उठून घरी जाते. देवानं माफ केलं म्हणजे झालं का सगळं? मग तिचं काय?

डिचोलीचा_भजनी:
ताई, भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ माहीत असेलच. मरताना पोराला नारायण म्हणून हाक मारली आणि विष्णुदूतांनी यमदूतांच्या तावडीतून सोडवला. बरेच जण गोष्ट इथंच संपवतात राव, पण पुढे आहे ना! तो काय लगेच वैकुंठाला गेला नाही, म्हातारे आईबाप नि लग्नाची बायको टाकली होती ते आठवून रडला, मग सगळं सोडून गंगाद्वारी जाऊन बसला. कृपा आधी, लायकी नंतर. मामाला वाजवू दे झांज. चोखोबांनाही देवळात घेत नव्हते, आज त्यांची समाधी महाद्वारापाशी आहे.

फोंडेकर:
भजनीबुवा, चोखोबांना या रांगेत नका हो बसवू. त्यांचा दोष काय होता? दोष अडवणाऱ्यांचा. मंगळवेढ्याला वेठीनं कुसू बांधताना ते कोसळून १३३८ साली गेले, नामदेवांनी अस्थी पंढरपूरला आणल्या असं सांगतात. चुकलेला वेगळा नि ज्याच्याकडे कुणी बघितलंच नाही तो वेगळा. इथं तशी कोण असेल तर मामी, तिच्या उद्धाराबद्दल गावात कोण बोलतंय?

साष्टीकार:
मी कॅथलिक, पण मराठी शाळेतली. आमच्याकडे उधळ्या पुत्राची गोष्ट आहे, लूक १५ मध्ये. धाकटा परत आला म्हणून घरात जेवण नि नाचगाणं, आणि इतकी वर्षं राबलेला थोरला रागानं बाहेर उभा. बाप त्यालाही समजवायला बाहेर येतो, पण तो आत गेला की नाही ते येशूनं सांगितलंच नाही. तेव्हा मामी उठून जाते तर जाऊ दे, तिला कुणी धरून बसवू नका. आणि लूक १९ मधला जक्कय बघ, जकातदारांचा मुखिया, येशू आपणहून त्याच्या घरी उतरला, तेव्हा तो म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत. तुझ्या मामानं काय परत केलं?

पेडण्याची_लेक:
थँक्स सगळ्यांना, अजामिळाचं पुढचं मला ठाऊकच नव्हतं. मामीला जक्कयाचं सांगितलं तर हसली, म्हणे चौपट राहू दे, आधी सोनाराकडच्या पाटल्या सोडवून आण म्हणावं. मामाला निरोप दिलाय. चवथीपर्यंत बघतो म्हणाला.