टॅब माझे, मांडणी त्यांची

काळा कोट:
परवाच्या अपडेटनंतर मोबाइलच्या ब्राउझरमधले माझे सगळे टॅब चौकटी-चौकटींत जाऊन बसले. दुव्यावर बोट दाबून धरलं की पूर्वी साधा नवा टॅब उघडायचा, आता तो परस्पर गटात जातो. मी वकील, कोर्टाचे निकाल वाचताना एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा उघडत जातो. टॅबांचा क्रम तोच माझ्या युक्तिवादाचा क्रम. काल जजसाहेबांनी विचारलं, ‘सायटेशन?’ (कुठल्या निकालाचा आधार?) आणि मी एकेक गट उघडून बघत उभा. समोरचे वकील मिशीत हसत होते. नवं द्या की, पण जुनी सोय ठेवायला काय जातं?

सेमीकोलन:
जातं. मी सॉफ्टवेअरच्याच धंद्यात आहे. एक जादा पर्याय म्हणजे दर आवृत्तीला दुप्पट चाचणी. फायरफॉक्स ब्राउझरची जुनी एक्स्टेन्शन्स (वरून जोडायच्या जादा सोयी) थेट ब्राउझरच्या आतड्यांत हात घालायची. नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७व्या आवृत्तीत ती बंद केली. टॅब मिक्स प्लस हे टॅबांचं एक्स्टेन्शन वापरणारे तेव्हाही असेच रडले होते, पण त्यामुळेच आतली यंत्रणा मोकळेपणाने बदलता आली. आणि साठ-साठ टॅब कशाला उघडे ठेवता? बुकमार्क असतात ना!

पोपटी:
बुकमार्क म्हणजे माळा हो. वर टाकलेलं दिवाळीच्या साफसफाईलाच दिसतं.
चाचणीचा खर्च मान्य. पण तुमच्याच फायरफॉक्सचं बघा. टॅबांचे गट २०११ साली ४थ्या आवृत्तीत आले. फार थोडे लोक वापरतात म्हणून २०१६ला ४५व्या आवृत्तीत काढले. मग तीच सोय देणारं एक्स्टेन्शन आम्ही शोधलं, तर ते तुमच्या ५७व्या आवृत्तीने मारलं. आणि एप्रिल २०२५ला, १३८व्या आवृत्तीत, गट वाजतगाजत परत!

सेमीकोलन:
परत आले ना? म्हणजे ऐकतात.

काळा कोट:
९ वर्षांनी! याहून आमचं दिवाणी कोर्ट बरं.
‘अपडेट करू नका’ असं कोणी सुचवण्याआधी सांगतो, तेही जमत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच पुडीत येतात. औषध हवं तर घरातलं फर्निचरही आम्ही हलवणार, असा हा व्यवहार. माझा राग त्यावर आहे, चौकटींवर नाही.

सेमीकोलन:
हा मुद्दा बरोबर. संगणकावर फायरफॉक्सची ईएसआर, म्हणजे सोयी सारख्या न बदलणारी, आवृत्ती घ्या, तिला वर्षभर मुख्यतः सुरक्षेच्याच दुरुस्त्या मिळतात.

पोपटी:
म्हणजे वर्षभराची स्थगिती. निकाल तोच.

काळा कोट:
शिवाय ईएसआर घरच्या संगणकावर, मी कोर्टात मोबाइल घेऊन. मंगळवारी तारीख आहे. सगळ्या निकालांच्या प्रिंट काढून, फ्लॅग लावून नेतो.

सेमीकोलन:
झेरॉक्सवाल्याने दुकानाची मांडणी बदलली तर त्याचाही धागा काढा. हलकेच घ्या.