एडिसन ते फ्रीमाँट: भाड्याचा ट्रक, मागे कार आणि चालवणारे आम्ही दोघंच

एडिसनकर

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात न्यू जर्सीतलं एडिसन सोडून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला बिऱ्हाड हलवायचंय. दोन बेडरूमचं सामान आहे. नवरा-बायको दोघंही गाडी चालवतो, पण ट्रक कुणीच चालवलेला नाही. आमची आरएव्ही-४ कार (ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद) ट्रकमागे जोडून न्यायची आहे. आय-८० महामार्गाने जायचं ठरतंय.

ट्रक २० फुटी घ्यावा की २६ फुटी? कार डॉलीवर (फक्त पुढची चाकं उचलणाऱ्या गाड्यावर) चालेल की पूर्ण ट्रेलर लागेल? किती दिवस धरावेत? वायोमिंगच्या वाऱ्याबद्दल बरंच ऐकलंय, त्यात कितपत तथ्य आहे? शिवाय कुंडीतला कढीपत्ता आणि स्वयंपाकघरातल्या बरण्यांचं काय करायचं?

लांबपल्ला

२६ फुटीचा मोह सोडा. यू-हॉल या ट्रक भाड्याने देणाऱ्या कंपनीचा २० फुटी ट्रक साधारण १,००० घनफुटांचा असतो, २६ फुटी साधारण १,६०० च्या पुढे. दोन बेडरूमच्या सामानाने २० फुटी गच्च भरतो आणि तेच हवं. मोठा ट्रक अर्धा रिकामा राहिला की त्याचं शीड होतं: वाऱ्याला अडवणारा पत्रा तेवढाच आणि जमिनीला धरून ठेवणारं वजन कमी. शिवाय रिकाम्या जागेत सामान घसरतं.

भरताना जड ते पुढे, केबिनच्या भिंतीला लागून आणि तळाशी. पुस्तकांचे खोके, दगडी ग्राइंडर, पितळी भांडी हे सगळं पहिल्या पाच-सहा फुटांत बसवा, डावं-उजवं वजन सारखं ठेवा. जड सामान मागे गेलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात तरंगल्यासारखं लागतं. दर चार-पाच फुटांवर आडवा पट्टा ओढा. नायलॉनची दोरी पहिल्याच दिवशी ताणून सैल पडते, रॅचेटचे पट्टे घ्या. केबिनवरच्या माळ्यात फक्त उशा, कपडे आणि देव्हाऱ्यासारख्या हलक्या पण जपायच्या वस्तू.

दिवस सात धरा. यंगस्टाउन, जोलिएट, ओमाहा, शायान, सॉल्ट लेक सिटी, विनेमका, फ्रीमाँट. एकूण साधारण २,९०० मैल, रोजचे ३५० ते ५००. ट्रेलर असताना सरासरी ताशी ५० मैलांच्या वर जात नाही, म्हणजे ५०० मैलांचा दिवस दहा तासांचा. ओमाहा ते शायान हा त्यातला सर्वांत लांब टप्पा. दर दोन तासांनी चालक बदला. दोघांचीही नावं करारात चालक म्हणून हवीत. नाव नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर घेतलेलं संरक्षण लागू होत नाही. करारात छताच्या नुकसानीचा मुद्दाही वाचा, साध्या संरक्षणात ते बहुधा वगळलेलं असतं. स्वतःच्या कारचा विमा किंवा क्रेडिट कार्ड एवढ्या मोठ्या ट्रकला सहसा लागू पडत नाही.

इंधन: ट्रेलरसह गॅलनला ८ मैल धरा. साधारण ३६० गॅलन लागतील. साडेतीन डॉलर भाव धरला तर १,२५० ते १,३०० डॉलर. टाकी पाव राहिली की भरायची, नेवाडात तर अर्धी असतानाच.

निघताना फोनच्या नकाशावर विसंबू नका, त्याला ट्रकची उंची कळत नाही. एडिसनहून तो गार्डन स्टेट पार्कवे दाखवू शकतो, आणि एक्झिट १०५ च्या उत्तरेला तिथे ट्रकना बंदी आहे. सरळ आय-२८७ उत्तरेला धरा, पार्सिपनीला आय-८० मिळतो. शेवटी कॉर्डेलियाला आय-६८० दक्षिण घ्या. बेनिशिया पुलाचा टोल उत्तरेकडे जाणाऱ्यांनाच आहे, तुम्हाला पडणार नाही.

गिअरबॉक्स

कारचं आधी सांगतो, कारण इथली चूक सगळ्यात महाग पडते. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी डॉलीवर न्यायची नाही. डॉलीवर पुढची दोन चाकं उचललेली आणि मागची रस्त्यावर फिरत राहतात. ती फिरताना मागचा डिफरन्शियल आणि कपलिंगही फिरतात, तापतात आणि जळतात. चारही चाकं वर घेणारा ऑटो ट्रान्सपोर्ट ट्रेलरच घ्या.

गाडी तोंड पुढे करूनच चढवा, कारण इंजिनाचं वजन ट्रेलरच्या पुढच्या भागात पडायला हवं. पार्क, हँडब्रेक, मग पुढच्या दोन्ही चाकांवर पट्टे. साखळ्या हुकाखाली एकमेकींना छेद देऊन लावायच्या, म्हणजे कप्लर (ट्रेलरला ट्रकशी जोडणारा सांधा) सुटलाच तर ट्रेलरचा दांडा त्या झोळीत पडतो. पहिल्या पाच मैलांनी थांबून पट्टे पुन्हा आवळा. टायर सुरुवातीला दबतो आणि पट्टा ढिला पडतो. पुढे प्रत्येक थांब्याला पट्टे, कप्लर, ट्रेलरचे दिवे तपासायचे आणि टायरला हात लावून बघायचा. एकच टायर जास्त गरम लागला तर हवा कमी आहे किंवा बेअरिंग जातंय. कारमध्ये सामान कोंबू नका, ट्रेलरची वजनमर्यादा रिकाम्या कारसाठी मोजलेली असते.

वेगमर्यादा ५५. यू-हॉल हीच सांगतं आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या प्रत्येकाला कायद्यानेही हीच आहे. ट्रेलर डोलायला लागला तर ब्रेक मारू नका, चाक उलटसुलट फिरवू नका. पाय अॅक्सलरेटरवरून काढा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, वेग उतरला की तो शांत होतो. थांबल्यावर कारण शोधा: वेग, मागे सरकलेलं वजन किंवा वारा.

आता वारा. ऐकलंय ते खरं आहे. शायान आणि लॅरमीच्या मधे शर्मन समिट ८,६४० फुटांवर आहे, आय-८० चा सर्वांत उंच बिंदू. त्यापुढे लॅरमी ते रॉलिन्स, त्यातही आर्लिंग्टन आणि एल्क माउंटनजवळचा भाग सर्वांत वाईट. हलक्या, उंच गाड्यांना रस्ता बंद अशी सूचना वायोमिंगचं परिवहन खातं तिथे लावतं आणि तुमचा ट्रक त्यात मोडू शकतो. शायानहून निघण्याआधी त्यांचं रस्त्यांचं संकेतस्थळ बघा. पहाटे वारा त्या मानाने कमी असतो. बंद असेल तर शायानमध्ये एक रात्र जास्त काढायची, म्हणून ट्रकचे दिवस ठरवताना एक दिवस शिल्लक मागा. समोरून मोठा ट्रक गेला की वाऱ्याचा आडोसा जातो आणि लगेच झोत परत बसतो, तेव्हा दोन्ही हात चाकावर असू द्या.

चढावर पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. शर्मनवर म्हणजे पाव ताकद गेलेली. ताशी ४० ने उजव्या लेनमधून चढा, आपत्कालीन दिवे लावा, तापमानाचा काटा बघत राहा. काटा चढला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा.

उतार दोन ठिकाणी खरे आहेत. एक पार्लीज कॅन्यन, जो सुमारे ७,१०० फुटांवरून सॉल्ट लेकला उतरतो. दुसरा डॉनर पासचा पश्चिम उतार, ७,२०० फुटांवरून खाली सॅक्रामेंटोच्या सपाटीपर्यंत. माथ्यावरच टो-हॉलचं (ओझं ओढताना वापरायचं) बटण दाबा आणि गिअर खाली आणा. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. ठरवलेल्या वेगाच्या वर गाडी गेली की ठाम दाबा, पाचेक मैल वेग उतरवा आणि पूर्ण सोडा. जळका वास आला तर पुढच्या जागेवर थांबून अर्धा तास ब्रेक थंड होऊ द्या.

डॉनरवर बर्फ पडून चेन कंट्रोल (टायरना साखळ्या लावण्याची सक्ती) लागलं तर ट्रेलर ओढणाऱ्याला त्या लावाव्या लागतात. अनोळखी ट्रकवर तो प्रयोग नको, रिनोला मुक्काम करा.

एडिसनकर

खूप आभार, ट्रेलरच घेतो. रात्री ट्रक लावायचा कुठे आणि टोलचं काय?

लांबपल्ला

मोटेल घेण्याआधी फोन करून थेट विचारा: २० फुटी ट्रक आणि मागे ट्रेलर, रिव्हर्स न घेता बाहेर पडता येईल का? मोटेलच्या दारावरचं छत बघा, तिथे छपरं फाटतात. पेट्रोल पंपावरही कडेची, सरळ आरपार जाणारी लेन घ्या. पायलट आणि फ्लाइंग जे यांच्या बऱ्याच ट्रकस्टॉपवर आरव्हीची (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांची) वेगळी लेन असते. नोझलच्या रंगावर भरवसा नको: बीपीच्या पंपावर हिरवा नोझल पेट्रोलचा असतो, बाकी बऱ्याच ठिकाणी डिझेलचा. झाकणावर काय लिहिलंय ते वाचा.

रिव्हर्स घ्यावाच लागला तर एकाने क्लीनरसारखं उतरायचं आणि चालकाच्या बाजूच्या आरशात दिसेल असंच उभं राहायचं. क्लीनर आरशातून गायब झाला की ट्रक थांबला पाहिजे, हा नियम निघण्याआधीच ठरवून टाका.

ट्रेलर जोडलेला असताना मागचा रॅम्प बाहेर येत नाही. म्हणून सात दिवसांचे कपडे, औषधं, दागिने, पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रं केबिनमध्येच. दाराला डिस्क लॉक लावा.

टोल न्यू जर्सीतून पेन्सिल्वेनियात शिरताना डेलावेअर वॉटर गॅपच्या पुलावर, मग ओहायो, इंडियाना आणि थोडा इलिनॉयमध्ये. तो अॅक्सलवर (चाकांच्या आसांवर) मोजतात आणि तुमचे ट्रेलरसह चार होतात, त्यामुळे कारचा ई-झेडपास (टोल आपोआप कापणारं उपकरण) लावू नका. नाक्यावर माणूस किंवा कार्डाची लेन असेल तर तिथेच भरा. नाहीतर बिल ट्रक कंपनीकडे जातं आणि वर त्यांचं शुल्क लागतं.

हिरवीफांदी

बरण्या आणि कढीपत्ता.

आठ हजार फुटांवर बाहेरचा दाब कमी होतो, त्यामुळे गच्च बंद बरणीतली हवा झाकणातून वाट काढते आणि बरोबर तेल आणते. लोणचं वरपर्यंत भरू नका, दोन बोटं जागा ठेवा. झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद, बाहेरून झिपची पिशवी, आणि बरणी उभीच. मसाले दुहेरी पिशवीत घालून कपड्यांपासून लांब ठेवा. बार्बेक्यूचा प्रोपेन सिलिंडर ट्रकमध्ये अजिबात नको.

कॅलिफोर्नियात शिरल्यावर ट्रकी गावाच्या नाक्यावर तिथलं कृषिखातं तपासणी करतं. संत्री, लिंबं तिथे पोचायच्या आत संपवा. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला आहे. लिंबवर्गीय झाडं मारणारा रोग पसरवणारी सायलिड कीड त्याच्यावर वाढते, म्हणून ते झाड अडकण्याची दाट शक्यता आहे. एडिसनमध्येच कुणाच्या तरी हाती सोपवा. पानं तेलात परतून नेली तर चव सोबत येते.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. न्यू जर्सी स्पाँजी मॉथच्या (झाडांची पानं खाणाऱ्या पतंगाच्या) क्वारंटाइन क्षेत्रात आहे. अंगणातल्या खुर्च्या, ग्रिल, सायकली, कुंड्या स्वतः तपासून त्याची सही केलेली यादी सोबत ठेवावी लागते. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या संकेतस्थळावर छापील नमुना मिळतो. ऑक्टोबरमध्ये शोधायची ती अंडी: खुर्चीच्या बैठकीखाली किंवा ग्रिलच्या पायाला चिकटलेला, फिकट तपकिरी, लोकरीसारखा दीड इंची ठिपका. पट्टीने खरवडून साबणाच्या पाण्यात टाका, नुसता जमिनीवर पाडला तर अंडी जिवंत राहतात.