घसा सुजलेला, ताप आहे, खोकला नाही : अ‍ॅझिथ्रोचा (अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा) तीन दिवसांचा पत्ता, म्हणजे गोळ्यांची स्ट्रिप, द्यायचा का?

सुदामानगर_ओपीडी (इंदूर)
एकाच घरातली दोन भावंडं आहेत. मोठी ७ वर्षांची, वजन २० किलो. कालपासून १०२ ताप, टॉन्सिल लाल आणि त्यावर पांढरे ठिपके, जबड्याखालच्या गाठी दाबल्या की दुखतात, खोकला अजिबात नाही. धाकटा ३ वर्षांचा, नाक गळतंय, खोकला, ताप १००, खेळतोय व्यवस्थित. वडिलांचं म्हणणं, ‘दोनों को वो तीन दिन वाली दवा दे दो.’ रॅपिड स्ट्रेप टेस्ट (घशातल्या स्ट्रेप जिवाणूची झटपट तपासणी) जवळपास कुठे होत नाही. धाकट्याचा शेंबूड आज पिवळा झालाय, म्हणून आईलाही अँटिबायोटिक हवंय. दोघांना वेगळं औषध देताना समजवायचं कसं?

बालरोग_रामबाग
डॉक्टर, तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. स्ट्रेपची शक्यता सांगणारे मॅकआयझॅकचे गुण मोजा: ३८ सेल्सिअसच्या (१००.४ फॅरेनहाइटच्या) वर ताप १, खोकला नसणे १, टॉन्सिलवर सूज किंवा पू १, मानेच्या पुढच्या गाठी दुखणे १, वय ३ ते १४ असेल तर १. मोठीचे पाच झाले. पण पाच गुण असले तरी स्ट्रेप निघण्याची शक्यता साधारण निम्मीच, म्हणून स्वॅब घेण्यात अर्थ आहे. धाकट्याला वयाचा एक गुण, फार तर ताप वाढला तर आणखी एक. नाक गळतंय आणि खोकला आहे म्हणजे व्हायरस. त्याला अँटिबायोटिक नको.

पिवळ्या शेंबडाचं म्हणाल तर तो रंग पांढऱ्या पेशींचा. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो. दहा दिवस झाले तरी उतार नाही, किंवा बरं होत आलेलं मूल पुन्हा तापलं, तरच सायनसचा विचार करा. धाकट्याचा श्वास मात्र पूर्ण एक मिनिट मोजा, मूल शांत असताना. ४० किंवा जास्त आला तर ती सर्दी राहिली नाही.

खोकल्याचं सिरप लिहू नका. सर्दीच्या सिरपांतली क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनची जोडी चार वर्षांखाली नको, असं २०२३ पासून लेबलवरच छापायचंय. आणि २०२५ मध्ये छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन असलेल्या सिरपने मुलांची मूत्रपिंडं गेली, हे आपल्या राज्यात तरी कुणाला सांगायला नको. झोपताना अर्धा चमचा मध द्या (वर्षाखालच्या बाळाला कधीच नाही) आणि नाकात सलाईनचे थेंब.

घसा_कान_नाक
स्वॅब घेताना दोन्ही टॉन्सिल आणि मागची भिंत घासा. जीभ, गाल, पडजीभ लागली तर नमुना वाया. अँटिबायोटिकचा पहिला डोस त्यानंतर. कल्चरला (नमुन्यातले जिवाणू वाढवून बघायला) एक-दोन दिवस लागतात, तेवढं थांबलात तरी बिघडत नाही: ताप सुरू झाल्यापासून नऊ दिवसांत पेनिसिलिन गटाचं औषध सुरू झालं की संधिवाताचा ताप (रुमॅटिक फीवर, ज्यात हृदयाच्या झडपा खराब होतात) टळतो. पण हे कुटुंब परत येणार नाही असं वाटत असेल, तर आपल्याकडे हृदयाच्या झडपा खराब झालेले पेशंट अजून दिसतात, तेव्हा आजच सुरू करणं मी चूक म्हणणार नाही.

तोंड उघडेना, लाळ गळतेय, आवाज दबका, पडजीभ एका बाजूला ढकललेली: टॉन्सिलशेजारी पू झालाय, त्याच दिवशी पाठवा. करडा पडदा चिकटलेला असेल आणि खरवडल्यावर रक्त येत असेल, तर घटसर्प समजा. तिथे गोळ्यांनी भागत नाही, अँटिटॉक्सिन लागतं.

काउंटरवरून
औषध देणाऱ्याच्या बाजूने सांगतो. अ‍ॅमॉक्सिसिलिन दिवसाला ५० मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे २० किलोला १००० मिग्रॅ (त्याहून जास्त नाही), ५०० सकाळी, ५०० संध्याकाळी, दहा दिवस. २५० प्रति ५ मिलीच्या ड्राय सिरपचे १०-१० मिली, म्हणजे दिवसाला २० मिली. ६० मिलीची बाटली तिसऱ्या दिवशी रिकामी! तोवर ताप उतरलेला असतो, आईला वाटतं कोर्स झाला. चिठ्ठीवर ‘४ बाटल्या’ लिहा. सगळ्या एकदम कालवू देऊ नका. कालवलेली बाटली बहुतेक सात दिवसच चालते, लेबल वाचा. आधी बाटली आपटून पावडर सुटी करायची, उकळून गार केलेलं पाणी अर्धं घालून हलवायचं, फेस बसला की खुणेपर्यंत भरायचं. फेसालाच खूण समजून थांबलं की औषध घट्ट राहतं. सिरप नको तर २५० च्या विरघळणाऱ्या गोळ्या, दोन-दोन, एकूण ४०.

अ‍ॅझिथ्रो फक्त पेनिसिलिनची खरी अ‍ॅलर्जी असेल तर, आणि तेही १२ मिग्रॅ प्रति किलो, पाच दिवस. तीन दिवसांचा पत्ता यात बसतच नाही.

पॅरासिटामॉलचीही ताकद लिहा. ३०० मिग्रॅसाठी २५० वाल्याचे ६ मिली लागतात; तेच ६ मिली १२० वाल्याचे दिले तर निम्मासुद्धा डोस जात नाही आणि ‘ताप हटत नाही’ म्हणून रात्री फोन येतो.

सुदामानगर_ओपीडी
चार बाटल्या लिहायचं मनातही आलं नव्हतं. कोर्सनंतर पुन्हा स्वॅब? आणि शाळा?

बालरोग_रामबाग
पुन्हा स्वॅब नको, लक्षणं नसतील तर धाकट्याचाही नको. औषधाचे २४ तास झाले, ताप नाही, तर शाळेत जाऊ दे. अंगावर पुरळ आलं तर मात्र लगेच ‘अ‍ॅलर्जी’ लिहू नका. आधी मानेच्या मागच्या गाठी आणि प्लीहा बघा. एपस्टाइन-बार व्हायरस (असाच घसा सुजवणारा विषाणू) असेल तर अ‍ॅमॉक्सिसिलिनने तसं पुरळ येतं, आणि तो शिक्का मुलीच्या कागदावर जन्मभर राहतो.