मदत हवी आहे: काकांना गोळ्या जास्त झाल्यात, ताकाने उतरेल का?

कोथरूडचा_पुतण्या: काकांची गोळी आज जास्त झालीय, नुसते झोपलेत. ताक किंवा लिंबूपाणी पाजलं तर उतरेल का? त्यांचे डॉक्टर फोन उचलत नाहीत. लवकर सांगा.

सिस्टर_हडपसर: कसली गोळी? किती, कधी? वय?

कोथरूडचा_पुतण्या: डोक्याची म्हणजे मानसिक आजाराची, नेहमीचीच. वय ६१.

सिस्टर_हडपसर: अहो, स्ट्रिपवरचं नाव वाचा.

कोथरूडचा_पुतण्या: ओलान्झापिन १०. सकाळी अख्खी होती, आता ७ गायब.

पेठेतला: मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. आमचे आजोबा तसेच वाचले.

सिस्टर_हडपसर: अजिबात नको! गुंगीत उलटी फुप्फुसात जाते. तोंडात काही घालू नका, कुशीवर झोपवा. हाक मारली की उठतात का?

कोथरूडचा_पुतण्या: उठतात, हात झटकतात, परत घोरतात.

सिस्टर_हडपसर: या गोळीत असंच होतं, मधेच झोप, मधेच तगमग. १०८ लावा. स्ट्रिप बरोबर घ्या. दारू, बीपीची गोळी?

वजनदार: याच गोळीने माझं वजन ११ किलो वाढलं. रात्रीचा भात सोडा.

पेठेतला: दवाखान्यात कोळसा देतात म्हणे. मग घरी का नको?

औषधवाला_बाणेर: तो वेगळा कोळसा, साधारण पहिल्या तासातच उपयोगी, आणि माणूस नीट शुद्धीत हवा. याला उतारा म्हणून औषध नाही. बीपी पडलं तर सलाइन, ईसीजीवर लक्ष, कारण या गटातल्या काही औषधांनी ठोक्यांची लय बिघडते. मान वाकडी होणं, जबडा अडकणं याच गटातल्या हॅलोपेरिडॉलने जास्त. त्यावर फेनर्गन या अ‍ॅलर्जीच्या औषधाचं इंजेक्शन चालतं. ताप चढून अंग लाकडासारखं ताठ झालं तर प्रकरण फारच गंभीर.

पेठेतला: कर्वे रोडला आता ट्रॅफिक असेल. रिक्षाने गल्लीतून काढा.

सिस्टर_हडपसर: रिक्षात श्वास अडला तर तुम्ही बघणार का? पुतण्या, मुद्दाम घेतल्यात का?

कोथरूडचा_पुतण्या: काहीही काय विचारता? अँब्युलन्स निघालीय.

कोथरूडचा_पुतण्या: (रात्री १:४०) ईसीजी ठीक आहे, सलाइन चालू. सकाळपर्यंत ठेवणार. बीपीची पण एक घेतली होती. सिस्टर, मघाशी चिडलो. काकूंना जाऊन आज वर्ष झालं, मला आठवलंच नाही.

सिस्टर_हडपसर: हे तिथल्या डॉक्टरांना आत्ताच सांगा. एकटं सोडू नका. घरी गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा. बोलायला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात.

पेठेतला: सकाळी ताक चालेल ना?