मदत हवी आहे: जुन्या स्पोर्ट्स कारचं आतलं प्लास्टिक चिकट झालंय

मंडळी, माझ्याकडे 1999 ची टू-सीटर आहे, इंजिन एकदम ठणठणीत पण आतलं प्लास्टिक बघवत नाही. एसीच्या बटणांभोवतीची पट्टी आणि दाराचं हँडल, दोन्हीवरचं ते रबरासारखं मऊ कोटिंग पार चिकट झालंय, बोट टेकलं की ठसा उमटतो आणि काळं नखात जाऊन बसतं. हे कोटिंग पॉलियुरेथेनचं असतं, हवेतल्या दमटपणाने वर्षानुवर्षं खराब होत जातं, त्यामुळे वरवर पुसून उपयोग नाही, काढूनच टाकावं लागतं. हँडलच्या मागे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओला कपडा 10 मिनिटं ठेवून बघितला तर लोण्यासारखं निघालं, खाली कडक काळं प्लास्टिक. पण बटणांवरची चिन्हंही जातील अशी धास्ती वाटते (एक आधीच गेलंय, पंखा कुठला नि काच गरम करायचं कुठलं, सगळं अंदाजाने चाललंय).

आता कोटिंग काढून रंग मारायचाय. हँडलच्या मागे प्लास्टिकचा प्रकार एबीएस लिहिलाय आणि पट्टीवर पीपी (पॉलिप्रोपिलीन), तर पीपीला रंगाआधी अ‍ॅडहेजन प्रमोटर (रंग धरून राहावा म्हणून आधी मारायचा थर) मारावाच लागतो ना? आणि वरून मॅट (बिनचमक) मारू की सॅटिन (किंचित चमक असलेला), ओरखडे कशावर कमी दिसतात? अ‍ॅसीटोन सुचवू नका प्लीज, एबीएस विरघळतं त्याने, तो उद्योग करून झालाय माझा.